रात्रीपुरता श्वास

१

सुया आणि काचा टाकायच्या पिवळ्या डब्यात अगदी वरच एक रिकामी अँप्यूल, इंजेक्शनच्या औषधाची काचेची कुपी, पडली होती. तुरिडने ती चिमट्याने उचलली, लेबल वाचलं आणि पुन्हा एकदा वाचलं. अफूच्या जातीचं औषध. माणसाला गुंगी आणतं आणि त्याचा श्वास मंद करतं. आणि या खोलीतल्या सिवर्टला गुंगीचं औषध द्यायचं बंद होऊन सहा दिवस झाले होते.

दहाच मिनिटांपूर्वी तिच्या डोळ्यांदेखत सिवर्टची परीक्षा झाली होती. या अतिदक्षता विभागात परीक्षा म्हणजे सकाळी आठला, डॉक्टरांच्या फेरीबरोबर. व्हेंटिलेटरला सांगायचं, बाबा रे, आता तू आपणहून हवा ढकलू नकोस, माणूस ओढेल तेव्हा फक्त हात दे. आणि मग बघत राहायचं. विभागाचा मुख्य डॉक्टर हालवर्द, त्याने बटण दाबलं. सिवर्टची छाती हललीच नाही. दहा सेकंद, पंधरा, वीस. अलार्म कोकलायला लागला तसं हालवर्दने मशीन पुन्हा कामाला लावलं.

"ही चौथी सकाळ," तो म्हणाला. "तू दहा दिवस डोंगरात स्की करत होतीस, तुला हे नवीन आहे. न्यूमोनिया बरा झालाय त्याचा. पण बोटीतून आणताना हृदय चार मिनिटं बंद पडलं होतं. मेंदूला मार बसलाय, तुरिड. उद्या एकला त्याच्या बायकोला, बोर्गनीला बोलावलंय. मग नळी काढायची आणि त्याला शांतपणे जाऊ द्यायचं."

"अरे, पण रात्रीचा तक्ता बघितलास का? रात्री हा मिनिटाला सव्वीस श्वास घेतोय!"

"बघितला. तोच तर पुरावा. मशीनला मी चौदावर ठेवलंय, वरचे बारा याचे स्वतःचे. बिघडलेला मेंदू असंच करतो. रात्रभर उगाच धापा टाकतो, सकाळी विसरून जातो."

तुरिडला हे पटलं नव्हतं, पण काय पटत नाही तेही सांगता येत नव्हतं. तेवीस वर्षं ती या विभागात व्हेंटिलेटर सांभाळत होती. डॉक्टर बदलले की तिला यंत्रांबरोबर वारशाने घ्यायचे, असा विनोद होता. रात्रभर धापा टाकणारा माणूस आठच्या ठोक्याला श्वास घ्यायचा विसरतो? शाळेची घंटा आहे की काय? आणि आता हातात ही अँप्यूल. पहाटे कुणीतरी सिवर्टला काही देत असेल, तर उद्या एकला एका धडधाकट मेंदूची नळी निघणार होती.

२

सकाळपाळीचा नर्स स्टेइनार हा विभागाचा विदूषक. पण अँप्यूल समोर धरल्यावर त्याचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला.

"ही माझीच आहे," तो म्हणाला. "पण सिवर्टला नाही दिली. शेजारच्या खोलीतल्या आजी, खुबा मोडलेल्या. कळ सोसवत नव्हती त्यांना. तिथला पिवळा डबा गच्च भरला होता, म्हणून इथे टाकली."

"हाताला येईल तिथे टाकायला हे काय तुझं कॉलेजचं वसतिगृह आहे?"

"तसं नाही गं! वहीत बघ, दोन सह्या आहेत. माझी आणि फार्मसीवालीची."

वहीत सह्या होत्या. तरी तुरिडचं समाधान झालं नाही. अर्धी आजींना आणि अर्धी इकडे, असंही होऊ शकतं. तिने टॉर्च घेतला आणि सिवर्टच्या पापण्या उघडल्या. अफूची औषधं अंगात असली की बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. सिवर्टच्या बाहुल्या चांगल्या मोठ्या होत्या आणि उजेड पडताच आकसल्या.

मग तिने सकाळच्या रक्ताचा कागद काढला, आणि तिथे तर सगळंच उलटं निघालं. श्वास मंद करणारं औषध दिलं असतं तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला असता. पाचच्या आसपास हवा तो सात-आठवर गेला असता. सिवर्टचा होता तीन पूर्णांक सहा. म्हणजे याने रात्रभर गरजेपेक्षा किती तरी जास्त श्वास घेतला होता.

"सुटलास," ती स्टेइनारला म्हणाली. "पण पहाटेपासून आठपर्यंत तू याचं काय काय करतोस ते सांग. एकही गोष्ट गाळू नकोस."

"नेहमीचंच की. सातला येतो. अंग पुसतो, कूस बदलतो, तोंड साफ करतो. नळ्यांत साठलेलं पाणी ओतून टाकतो. उशी सारखी करतो. त्याला बातम्या सांगतो, फुटबॉलचा निकाल सांगतो. त्यानेच श्वास थांबत असेल तर गोष्ट वेगळी."

तुरिड हसली नाही. विषप्रयोगाचा धागा तुटला होता, आणि ज्याचा श्वास थांबतो त्याच्या रक्तात भरपूर श्वास घेतल्याची खूण मिळाली होती. तिचं डोकं पार भंजाळलं.

३

रात्रपाळीची सोलरुन अजून घरी गेली नव्हती. चहाच्या खोलीत ती तपकिरी चीजचा पाव चावत बसली होती. तुरिडने तिच्यापुढे रात्रीचा तक्ता ठेवला.

"अकराला पंधरा. बाराला अठरा. एकला सव्वीस. दोनला सव्वीस. तीनला, चारला, पाचला सव्वीस. सोलरुन, मी आजवर एकही माणूस बघितला नाही जो इतका शिस्तीत श्वास घेतो. झोपेत माणूस उसासा टाकतो, दमतो, थांबतो. दुपारचे आकडे बघ, पंधरा, सतरा, चौदा, सोळा. हे माणसाचे वाटतात. तुझे आकडे न बघता लिहिलेले वाटतात."

सोलरुनने पाव खाली ठेवला. "मी खोटे आकडे लिहिते असं म्हणायचंय तुला?"

"मी विचारतेय."

"मग मशीनला विचार! ते तर खोटं बोलत नाही ना?"

ती रागाने उठलीच. तुरिडने खरोखरच मशीनला विचारलं. व्हेंटिलेटरच्या पोटात सगळी नोंद असते, कुणी कुठली कळ कधी फिरवली इथपासून. रात्री एकदाही कुणी काही बदललं नव्हतं. चौदाचे चौदाच ठेवलेले होते. आणि पडद्यावर आलेले आकडे सोलरुनने लिहिले तेच होते. सव्वीस, सव्वीस, सव्वीस. चारही रात्री.

सोलरुन खरं बोलत होती. मग ती नजर का चुकवत होती? तुरिड परत आली तेव्हा ती घाईघाईने कोट चढवत होती.

"सोलरुन, रात्री या खोलीत आणखी काय होतं?"

"काही नाही."

"उद्या एकला त्याची नळी काढणार आहेत."

सोलरुनचे डोळे भरून आले, पण तिने ताकास तूर लागू दिली नाही. "मी त्याला कुठलाही त्रास दिलेला नाही. मी त्याचं भलंच केलं," एवढंच म्हणून ती निघून गेली.

तुरिड दारात उभी राहिली. गुन्हेगार नसलेल्या माणसाकडेही लपवायला काहीतरी असतं, हे तिला ठाऊक होतं. पण नेमकं काय, ते कळत नव्हतं, आणि घड्याळ पुढे सरकत होतं.

४

बोर्गनी रोज अकराला विणकाम घेऊन यायची. आजही ती पलंगाशेजारी बसून राखाडी लोकरीचं काहीतरी विणत होती. पंचेचाळीस वर्षांचा संसार. तो फेरीबोटीवर इंजिन सांभाळायचा, ती घाटावर तिकिटं द्यायची.

"मुलांना बोलावलंय," ती म्हणाली. "उद्या एकच्या बोटीने येतायत तिघंही. थोरली तर थेट उत्तरेतल्या ट्रॉम्सोहून. निरोप घ्यायला. हालवर्द म्हणाला, तेवढं थांबू."

तुरिड पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसली. "तुला काय वाटतं, बोर्गनी?"

"मला काय कळतं? मी बोलते तेव्हा तो डोळे फिरवतो. हालवर्द म्हणतो, ते आपोआप होतं. असेलही. पंचेचाळीस वर्षं मी बोलले की तो असाच डोळे फिरवायचा."

तुरिडला हसू आलं आणि हसल्याची लाजही वाटली. तेवढ्यात बोर्गनीने विणलेलं काम झटकून उशीवर ठेवलं. ती टोपी होती, कान झाकणारी, जाड.

"ही कशाला? या खोलीत बावीस अंश असतं."

"रात्रीसाठी. त्याची घरची जुनी विरायला आली."

"रात्रीसुद्धा बावीसच असतं, बोर्गनी."

बोर्गनीने टोपी परत मांडीवर घेतली. तिने दाराकडे पाहिलं. "सोलरुनने सांगू नकोस म्हटलंय. बिचारीची नोकरी जायची."

"नोकरी गेली तर दुसरी मिळेल. नवरा कुठून आणशील?"

हे जरा लागेल असंच बोलली ती, पण इलाज नव्हता. बोर्गनीने मान खाली घातली.

"खिडकी," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून हा माणूस एक रात्र बंद खिडकीत झोपला नाही. वादळ असो, उणे वीस असो. गुंगी बंद करूनही तो जागा होईना, म्हणून शनिवारी मी सोलरुनला म्हटलं, मरणारच असेल तर निदान आपल्या हवेत तरी झोपू दे त्याला. तिने ऐकलं. अकराला उघडते, पहाटे बंद करते. वरून दोन पांघरुणं, टोपी. कुठे काही बिघडलं का त्याने?"

जुन्या इमारतीतल्या खिडक्या अजून उघडत होत्या, आणि त्या उघडायच्या नाहीत असा नियम होता. एवढंच होतं तर ते गुपित! तुरिड मनातून खट्टू झाली. साप साप म्हणून भुई धोपटावी आणि खाली निघावा पट्टा, तशातली गत. नुसत्या थंड हवेने कुणी रात्रभर सव्वीस श्वास घेत नाही. पांघरुणाखाली तो ऊबदारच होता. बाहेर होतं काय? चेहरा. आणि नळ्या.

तिची नजर नळ्यांवर गेली. मशीन गरम केलेली ओलसर हवा पाठवतं, नाही तर फुप्फुसं कोरडी पडतात. ती हवा या दोन हात लांबीच्या नळ्यांतून जाते. आणि नळ्या खिडकीखालूनच जात होत्या.

"स्टेइनार!" ती ओरडली. "सकाळी तू नळ्यांतून किती पाणी ओततोस?"

स्टेइनार धावत आला. "एक कॉफीचा मग भरेल."

"मग भरून! आणि लिहिलं नाहीस?"

"पाणी ओतल्याचं कोण लिहितं गं? कचरा नेल्याचं लिहितो का आपण?"

तुरिड उठली, खिडकीपाशी गेली आणि बाहेर उणे नऊ असताना ती सताड उघडली.

५

चार वाजता हालवर्द शस्त्रक्रिया उरकून आला, तेव्हा सिवर्टच्या खोलीत तुरिड, बोर्गनी आणि सोलरुन अंगावर कोट घालून उभ्या होत्या. तुरिडने फोन करून सोलरुनलाही झोपेतून उठवून आणलं होतं.

"हे काय चाललंय? कुणी उघडली ती खिडकी?"

"मी. ओरडायचं ते नंतर ओरड. पडदा बघ आधी."

पडद्यावर सव्वीस होते. हालवर्दने खांदे उडवले. "धापा दिवसाही सुरू झाल्या, एवढंच."

"त्याच्या पोटावर हात ठेव."

"तुरिड—"

"ठेव म्हणते ना!"

त्याने हात ठेवला. तुरिड बोलत राहिली. "माणूस श्वास ओढतो तेव्हा आधी पोट हलतं, मग मशीन हवा देतं. आता सांग, आधी कोण?"

हालवर्दने वाकून लागोपाठ सहा श्वास तपासले. "मशीन," तो शेवटी म्हणाला. "हा काहीच करत नाहीये."

"मग हवा मागतंय कोण?"

तिने नळी उजेडात उचलून धरली. खोलगट भागात पाणी साठलं होतं आणि प्रत्येक झोताबरोबर ते डचमळत होतं. तिने सांधा सोडला, पाणी भांड्यात ओतलं आणि नळी परत जोडली. पडद्यावरचा आकडा खाली यायला लागला. बावीस. सतरा. मिनिटभरात चौदा, आणि तिथेच थांबला.

बोर्गनीला यातलं काही कळलं नव्हतं, म्हणून तुरिडने तिच्याकडे वळून सांगितलं.

"हे मशीन नळीतल्या हवेची हालचाल ओळखतं. जरा हलली की त्याला वाटतं, माणसाने श्वास मागितला. थंडीने नळीत पाणी धरलं, पाणी हललं, मशीन फसलं. रात्रभर ते पाण्याला श्वास देत बसलं आणि तो गेला सिवर्टच्या फुप्फुसात. आणि श्वास घे असा हाकारा कोण देतं? रक्तातला कार्बन डायऑक्साइड. तो साठला की मेंदू म्हणतो, ओढ. इथे रात्रभर तो धुऊनच काढला. पहाटे सोलरुनने खिडकी लावली, सातला स्टेइनारने पाणी ओतलं, पुरावा मोरीत गेला. आणि आठला आपण त्याला म्हणतो, घे श्वास. कशाला घेईल तो? पोट फुटेस्तोवर जेवलेल्या माणसाला आपण रोज सकाळी ताट वाढत होतो, आणि जेवत नाही म्हणून भूक मेली असं ठरवत होतो."

"दुपारपर्यंत तो परत नीट होत असेल," हालवर्द पुटपुटला. "दुपारचे आकडे..."

"पंधरा, सतरा, चौदा, सोळा. मशीनचे चौदा, वरचे त्याचे. पण परीक्षा आठलाच घ्यायची ना आपल्याला."

सोलरुन भिंतीला टेकून रडत होती. बोर्गनी उभी होती, हातात ती टोपी.

"म्हणजे मी—" ती म्हणाली. "मी खिडकी उघडायला सांगितली म्हणून?"

खोटं बोलायला ही चांगली जागा होती. तुरिडने क्षणभर तसा विचारही केला. पण उद्या मुलं आली की कुणीतरी सांगणारच, आणि आपल्या तोंडून ऐकणं त्यातल्या त्यात बरं.

"हो," ती म्हणाली. "त्यापासूनच सुरू झालं."

हालवर्द सरळ झाला. त्याचा आवाज अजून डॉक्टरचाच होता. "हे सगळं खरं असेल. तरी मेंदूला मार बसलेला नाही असं यातून सिद्ध होत नाही. पाणी निघालं म्हणून हा उद्या श्वास घेईलच असं नाही."

हे तुरिडलाही माहीत होतं. तिने खिडकी लावून घेतली.

६

त्या रात्री खिडकी बंद राहिली आणि मशीन दहावर ठेवलं. गुरुवारी सकाळी रक्ताचा कागद आला. पाच पूर्णांक दोन.

आठला सगळे जमले. बोर्गनी इतक्या लवकर कधी यायची नाही, पण आली होती. हालवर्दने तिच्याकडे पाहिलं, तुरिडकडे पाहिलं आणि बटण दाबलं.

पाच सेकंद. दहा. सिवर्टची छाती तशीच. स्टेइनार तोंडातल्या तोंडात मोजत होता, त्याला तुरिडने कोपराने गप्प केलं. पंधरा. हालवर्दचा हात आपोआप बटणाकडे गेला. रोजच्या सवयीने जात होता तो.

"थांब," तुरिड म्हणाली. आपण चुकलो असू तर या बाईला आपण एका दिवसाची खोटी आशा लावली, हा विचार तिला त्या क्षणी शिवला आणि तिला भयंकर भीती वाटली.

अठराव्या सेकंदाला पांघरुणाखाली पोट हललं. अगदी थोडं. त्यामागून मशीनने हलकेच हवा दिली. मग पुन्हा काही नाही. मग एक, जरा मोठा. मग दोन लागोपाठ, आणि एक लांब उसासा. बारा, सोळा, तेरा, अठरा. कसलाही मेळ नसलेला, वेडावाकडा, माणसाचा श्वास. तुरिडला वाटलं, इतकं गबाळं आणि इतकं छान आपण कधी पाहिलं नाही.

"सिवर्ट," बोर्गनी म्हणाली, "ऐकतोस का?"

सिवर्टने डोळे उघडले आणि तिच्याकडे फिरवले. ती बाजू बदलून पलीकडे गेली. डोळे तिच्या मागून गेले. तिने हात पुढे केला, आणि बऱ्याच वेळाने त्याने दोन बोटं दाबली.

अर्धा तास झाला, एक तास झाला. सिवर्ट दमला नाही. हालवर्द संगणकापाशी जाऊन बसला. चूक घडली की तिचा अहवाल लिहायचा, हा इथला रिवाज. काय घडलं, कशामुळे, कुणाकडून.

"कुणाकडून, याच्यापुढे काय लिहू?" त्याने विचारलं.

"माझं नाव," सोलरुन म्हणाली. "खिडकी मी उघडली. नियम ठाऊक होता मला."

"माझं लिही," स्टेइनार म्हणाला. "रोज मग भरून पाणी ओतलं आणि तोंडातून ब्र काढला नाही."

"सांगितलं मी तिला!" बोर्गनी कडाडली. "ती बिचारी नकोच म्हणत होती. लिही, बोर्गनी, बायको."

काल सकाळी एकही जण चूक कबूल करायला तयार नव्हता आणि आज गुन्ह्यासाठी रांग लागली होती. हालवर्द पडद्याकडे बघत बसला. मग त्याने टाइप केलं आणि तुरिडला वाचायला दिलं. तिथे त्याचं स्वतःचं नाव होतं, आणि पुढे लिहिलं होतं, सलग चार सकाळी आकडे पाहिले, रुग्णाच्या पोटावर हात ठेवला नाही.

तुरिडने ते दोनदा वाचलं. "बरोबर आहे," ती म्हणाली. त्याला दिलासा द्यावा असं तिला वाटलं, पण तिने दिला नाही.

पावणेएकला खाडीच्या तोंडाशी बोट दिसली. बोर्गनीने कोट चढवला, बटणं चुकीची लावली, सोडली, परत लावली.

"तिघंही काळे कपडे घेऊन येतायत," ती म्हणाली. "थोरलीने रजा काढलीय, विमानाचं तिकीट काय स्वस्त असतं? निरोप घ्यायला या म्हणून मीच रडत फोन केला. आता खाली जाऊन सांगू काय? रागावतील का गं?"

"रागावू देत की," तुरिड म्हणाली आणि तिला दारापर्यंत सोडायला गेली.